मंडळी सगळ्यांची, निर्णय कोणाचे?

या महिन्यात निवडलेली सर्व पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. कोल्हापूर, मिरज, पुणे आणि मुंबईहून अमेरिकेत गेलेल्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी काही जण तेथील प्रेस्बिटेरियन चर्च (यू. एस. ए.) या चर्चच्या स्थानिक मंडळ्यांचे सभासद झाले आहेत. गोऱ्या अमेरिकन घराण्यांबरोबर आफ्रिकन-अमेरिकन, कोरियन, घानाची, इजिप्तची, मेक्सिकोची आणि भारतातली कुटुंबे जेथे एकत्र उपासना करतात आणि ज्यांची ओळख पुरोगामी मंडळी अशी आहे, अशा ठिकाणचे हे प्रश्न आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे विनंतीनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमचे कुटुंब मूळचे मिरजेचे. येथील आमच्या मंडळीच्या नामनिर्देशन समितीने मला वडील (एल्डर) म्हणून उभे राहण्याविषयी विचारले आहे. समितीतील एक गृहस्थ म्हणाले, ‘आता आपल्या सेशनमध्ये भारतीयांचाही आवाज येईल.’ ऐकून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. मंडळीत भारतीय घरे मोजकीच आहेत; त्यांतही केरळची मंडळी वेगळी, आंध्रची वेगळी. मी नेमके कोणाच्या वतीने बोलायचे? शिवाय सभेत सगळे भराभर बोलतात, ठराव मांडतात, अनुमोदन देतात. मला काय म्हणायचे आहे ते जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मी होकार द्यावा का?
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम. आपण होकार द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ‘भारतीयांचा आवाज’ म्हणून नव्हे.

प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत मंडळीचा कारभार सेशनकडे, म्हणजे निवडून आलेले वडील आणि पाळक यांच्या मंडळाकडे असतो. सभासदांना मंडळीत घेणे, अंदाजपत्रक ठरवणे, इमारतीचा वापर, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांना संमती देणे, ही सारी कामे सेशनची. परंतु वडील हे एखाद्या गटाने पाठवलेले वकील नव्हेत, ही गोष्ट चर्चच्या संविधानात अगदी आरंभीच्या तत्त्वांत सांगितली आहे. त्यांनी लोकांच्या इच्छेचे केवळ प्रतिबिंब दाखवायचे नसते. सर्वांनी मिळून ख्रिस्ताची इच्छा काय आहे ती शोधायची असते आणि तिच्या बाजूने उभे राहायचे असते. म्हणून आपण निवडून आलात, तर मंडळीतल्या घानाच्या एखाद्या आजीच्या, तेथल्या जुन्या गोऱ्या घराण्यांच्या आणि काल-परवा मंडळीत आलेल्या विद्यार्थ्याच्याही वडील असाल.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पिढ्यान्‌पिढ्या त्या मंडळीत असलेल्या गोऱ्या घरातील माणूस वडील होतो, तेव्हा ‘आता गोऱ्यांचा आवाज आला’ असे कोणी म्हणत नाही. त्याचे मत हे मंडळीचे मत मानले जाते आणि आपले मत भारतीयांचे मानले जाते. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट असेल असे मी मुळीच म्हणत नाही. तरीही विषमता नेमकी येथेच असते, आणि ती स्वागताच्या फलकाने किंवा निरनिराळ्या देशांच्या झेंड्यांनी दूर होत नाही. आपण छपराच्या दुरुस्तीवर, पाळकांच्या वेतनावर आणि तरुणांच्या शिबिरावर जेवढ्या अधिकाराने बोलाल, तेवढी ती दूर होईल.

हा अधिकार कोणालाही सहज मिळालेला नाही. फिलाडेल्फियामध्ये 1807 साली पहिली आफ्रिकन-अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळी स्थापन झाली, आणि महासभेच्या, म्हणजे चर्चच्या देशपातळीवरील सर्वोच्च सभेच्या, अध्यक्षपदी पहिला कृष्णवर्णीय पाळक, एडलर हॉकिन्स, यायला 1964 साल उजाडले. स्त्रियांना वडील होण्याची वाट उत्तरेकडील चर्चमध्ये 1930 साली मोकळी झाली आणि पाळक होण्याची 1956 साली, जेव्हा मार्गारेट टाउनर यांना दीक्षा मिळाली. दक्षिणेकडील चर्चने हीच वाट 1964 मध्ये मोकळी केली. यादवी युद्धाच्या काळात, 1861 साली, दुभंगलेली ही दोन चर्चे पुन्हा एक झाली ती थेट 1983 मध्ये. पुढे 1990 च्या दशकात महासभेने वांशिक अल्पसंख्याक सभासदांचे प्रमाण 2005 पर्यंत 10 टक्के आणि 2010 पर्यंत 20 टक्के करण्याचे ध्येय ठरवले. ते गाठता आले नाही. तेव्हा आपल्यासारख्या मंडळ्या या चर्चमध्ये आजही अपवादच आहेत, आणि आपल्याला विचारणा झाली आहे ती या पार्श्वभूमीवर.

आता सभेतील वेगाविषयी. ही अडचण आपल्या इंग्रजीची नाही, सभेच्या रीतीची आहे. या चर्चच्या सभा संसदीय कामकाजाच्या ठरावीक नियमांनी चालतात, आणि ज्यांनी शाळेपासून ते नियम पाहिले आहेत त्यांना ते अंगवळणी पडलेले असतात. नियम मोडण्याची गरज नाही. त्यांच्यातच पुष्कळ जागा आहे. निवडून आलेल्या वडिलांना दीक्षेपूर्वी अभ्यास आणि तयारीसाठी काळ देणे व त्यानंतर त्यांची परीक्षा घेणे संविधानाने सेशनवर बंधनकारक केले आहे. ही तयारी म्हणजे एका संध्याकाळची कॉफी ठरू नये, असा आग्रह आपण आत्ताच धरावा. विषयपत्रिका आणि कागदपत्रे काही दिवस आधी मिळावीत, महत्त्वाचा विषय एका सभेत मांडून मतदान पुढच्या सभेत व्हावे, आणि मतदानापूर्वी प्रत्येकाला एकदा बोलण्याची संधी मिळावी, या तीन गोष्टी पाळकांकडे मागाव्यात. सेशनचे अध्यक्ष तेच असतात. बहुभाषिक मंडळ्यांत एक पद्धत रुळली आहे, ती मला फार उपयोगी वाटते. बोलून झालेली व्यक्ती दुसऱ्या कोणाला तरी नावाने बोलण्याचे निमंत्रण देते. निमंत्रण मिळालेल्याने बोलावे, किंवा तूर्त नको म्हणावे, पण पुढचे निमंत्रण त्यानेच द्यावे. भराभर बोलणाऱ्यांना यामुळे थांबावे लागते, आणि वडीलधाऱ्यांसमोर आपणहून तोंड उघडू नये असे ज्यांच्यावर लहानपणापासून बिंबवले गेले आहे त्यांना बोलण्याची मुभा मिळते. आपल्या मराठी घरांतल्या, विशेषतः बायकांच्या, बाबतीत ही मुभा किती मोलाची आहे हे आपल्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट समितीला अवश्य विचारावी: नव्याने आलेल्या समाजांतून आपण एकट्याच आहात का? एकटी व्यक्ती लवकरच शोभेची होते किंवा थकून जाते. समितीने दुसरे नाव सुचवले नाही, तर निवडणुकीच्या सभेत कोणताही सभासद जागेवरून नाव सुचवू शकतो. एका निवडीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते आणि सलग सहा वर्षांपेक्षा अधिक काळ कोणालाही सेशनवर राहता येत नाही, त्यामुळे जागा रिकाम्या होतच असतात. हस्तारोपणाने मिळालेली दीक्षा मात्र आयुष्यभराची असते. त्या वेळी ‘लोकांची सेवा उत्साहाने, बुद्धीने, कल्पकतेने आणि प्रीतीने कराल काय?’ अशा अर्थाचा एक प्रश्न आपल्याला विचारला जाईल, आणि हाच प्रश्न पाळकांनाही दीक्षेच्या वेळी विचारलेला असतो.

प्रश्न : दर ऑक्टोबरमध्ये जागतिक प्रभुभोजनाच्या रविवारी आम्हाला साडी नेसून यायला आणि एक मराठी भजन म्हणायला सांगतात. टाळ्या पडतात, फोटो काढतात. नंतर वर्षभर एकही मराठी शब्द उपासनेत येत नाही. माझी मुलगी म्हणते, ‘आई, आपण प्रदर्शनात उभे आहोत.’ मला नकार द्यायचा नाही, पण मन दुखावते.
— एक वाचिका, शिकागोजवळून

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या मुलीचे म्हणणे खरे आहे, आणि ते पाळकांच्या कानावर जायला हवे. हा रविवार मुळात याच परंपरेतला आहे. पिट्सबर्गच्या शेडीसाइड प्रेस्बिटेरियन मंडळीत तो 1933 साली प्रथम पाळला गेला, आणि सर्व ख्रिस्ती लोक एकाच मेजाभोवती आहेत हे दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. त्या दिवशी भजन म्हणावेच. पण ते उपासनेचा भाग म्हणून म्हणावे. भजन संपल्यावर टाळ्या वाजल्या, की गाणारे कलाकार होतात आणि ऐकणारे प्रेक्षक. म्हणून भजनाचे शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि अर्थासह सर्वांच्या हाती द्यावेत, ध्रुवपद सर्वांकडून म्हणवून घ्यावे, आणि लगेच प्रार्थनेला सुरुवात व्हावी, म्हणजे टाळ्यांना जागाच राहत नाही.

खरा बदल साध्या रविवारी व्हायला हवा. शास्त्रपाठ कोणते, गीते कोणती आणि प्रार्थना कोणत्या, हे ठरवण्याची जबाबदारी या चर्चमध्ये पाळकांची असते, तेव्हा विनंती त्यांनाच करावी. फेब्रुवारीतल्या एखाद्या सामान्य रविवारी स्तोत्र मराठीत वाचले जावे आणि त्याचे इंग्रजी भाषांतर समोर असावे. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकाच वेळी म्हणावी. पापांगीकाराची प्रार्थना एखाद्या महिन्यात कोरियन कुटुंबाने लिहावी, एखाद्या महिन्यात आपण. ज्यांना कळत नाही त्यांना दोन मिनिटे थांबावे लागेल. आपण आणि इतर अनेक जण दर रविवारी तासभर असेच थांबतो, तेव्हा हे थांबणे सर्वांच्या वाट्याला थोडे थोडे यावे, यात कोणावर अन्याय नाही.

जॉर्जिया राज्यातील डिकेटर येथील ओकहर्स्ट प्रेस्बिटेरियन मंडळीचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी महत्त्वाचे वाटते. 1960 च्या दशकापासून त्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे राहायला आली तशी गोरी कुटुंबे निघून गेली, आणि मोठी असलेली मंडळी अगदी लहान झाली. 1983 मध्ये गिब्सन स्ट्रूप आणि कॅरोलाइन लीच हे पाळक दांपत्य तेथे आले. पुढील वर्षांत ती मंडळी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या सभासदांची मिळून पुन्हा उभी राहिली, आणि तिने रंगीत काचेच्या खिडकीतील गोऱ्या येशूचा वर्णही सावळा केला. ती खिडकी वर्षाचे सगळे रविवार तेथे असते. आपल्या भाषेचे स्थानही उपासनेत तसेच कायमचे असावे, एवढीच मागणी आपण करत आहात.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ज्या मंडळीत जातो तेथे दोन पुरुषांचे लग्न लागले आणि समलिंगी व्यक्ती वडील आहे, असे तो सांगतो. आता त्यालाच डीकन म्हणून निवडले आहे. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मला हे पटत नाही. त्याने ही मंडळी सोडावी, असे मी त्याला सांगावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आदरणीय बंधू, आपल्या पत्रातील काळजी खरी आहे आणि ती मी हलक्याने घेत नाही. माझे मत प्रथमच सांगतो, म्हणजे आपल्याला उत्तर तोलता येईल: समलिंगी विश्वासू बंधुभगिनींना मंडळीत पूर्ण स्थान असावे असे मला वाटते. तरीही आपल्या मुलाने काय करावे हे ठरवताना माझ्या मतापेक्षा त्या चर्चची व्यवस्था समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

हा निर्णय त्या चर्चने घाईने घेतलेला नाही. 1978 पासून महासभेत आणि प्रेस्बिटऱ्यांमध्ये, म्हणजे एकेका विभागातील मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या पाळक-वडिलांच्या सभांमध्ये, यावर वाद, अभ्यास आणि मतदान चालू होते. पदाधिकाऱ्यांविषयीची बंदी 2011 मध्ये उठली आणि विवाहाची व्याख्या 2015 मध्ये बदलली. दोन्ही वेळा महासभेचा ठराव देशभरातील प्रेस्बिटऱ्यांच्या बहुमताने मंजूर झाला. अनेक मंडळ्या त्यामुळे बाहेर पडल्या, हेही खरे आहे. परंतु त्याच संविधानात असेही म्हटले आहे, की ज्या पाळकाला असा विवाह देवाच्या वचनाविरुद्ध वाटतो त्याला तो लावण्याची सक्ती करता येणार नाही, आणि ज्या सेशनला तसे वाटते तिला आपली वास्तू देण्याचीही सक्ती करता येणार नाही. यामागे सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारातले तत्त्व आहे: सदसद्विवेकबुद्धीचा स्वामी केवळ देव आहे.

म्हणजे आपल्यासारखे मत असलेले सभासद, वडील आणि पाळक त्या चर्चमध्ये आजही आहेत. स्थलांतरित समाजांच्या मंडळ्यांत तर पुष्कळच आहेत. सभासद होताना विचारला जातो तो येशू ख्रिस्तावरील विश्वासाचा प्रश्न. डीकनचे काम आजाऱ्यांना भेटणे, गरजूंना मदत करणे, एकाकी माणसांची विचारपूस करणे हे असते. आपल्या मुलाने हे काम पत्करले आहे, त्यात आपण त्याला घरी दिलेल्या संस्कारांचा वाटा नाही असे मला वाटत नाही.

पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळ्यांनाही येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. तेथे पुष्कळदा आफ्रिकेतून किंवा आशियातून आलेल्या ज्येष्ठ सभासदाने या विषयावर शंका काढली, की त्याला मागासलेला समजून गप्प केले जाते. त्याच्या पाककृतींचे कौतुक होते, पण त्याच्या शास्त्रवाचनाशी कोणी गंभीरपणे वाद घालत नाही. ज्याच्याशी वादही घालावासा वाटत नाही, त्याला बरोबरीचे मानलेले नसते. दुसऱ्या बाजूने, समलिंगी माणसे म्हणजे ‘ते अमेरिकन लोक’ असे आपण समजतो तेही चुकीचे आहे. भारतीय आणि कोरियन घरांतली मुलेही त्याच बाकांवर बसलेली असतात, आणि आई-वडिलांच्या तोंडून कोणता शब्द निघतो याकडे त्यांचे कान लागलेले असतात. मंडळी सोड असे मुलाला सांगू नये, अशी माझी आपल्याला विनंती आहे. या विषयावर तो शास्त्र कसे वाचतो हे त्याला विचारावे, आणि आपण कसे वाचता हे त्याला न रागावता सांगावे.

प्रश्न : मी टेक्सासमधील एका मंडळीत वडील आहे. रविवारी दुपारी आमच्या इमारतीत घानाच्या लोकांची मंडळी भरते. भाडे नाममात्र आहे. तरी स्वयंपाकघर, ढोलांचा आवाज, आवराआवर यांवरून दर महिन्याला तक्रारी येतात. आम्ही इतके करूनही त्यांना कृतज्ञता वाटत नाही, असे काही सभासद म्हणतात.
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : आदरणीय बंधू, ज्यांच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा धरली जाते ते लोक पाहुणे मानले गेलेले असतात. घानात प्रेस्बिटेरियन चर्चची मुळे 1828 साली आलेल्या बासेल मिशनपर्यंत जातात. इजिप्तमध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी 1854 साली पोचले, कोरियात 1884 साली, आणि आपल्या कोल्हापुरात रॉयल वाइल्डर 1852 साली आले; त्यांचे काम पुढे 1870 च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मिशनला जोडले गेले. दुपारी जमणारी ती मंडळी त्याच कुटुंबातली आहे, आणि कदाचित आपल्या टेक्सासच्या मंडळीपेक्षा तिची परंपरा जुनी असेल. शिवाय या चर्चमध्ये मंडळीची मालमत्ता ही संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली असते. उपासनेची वास्तू भाड्याने द्यायची तर प्रेस्बिटरीची लेखी परवानगी लागते. आपल्याकडे ती नसेल, तर पहिले काम तेच.

त्यानंतर दोन्ही मंडळ्यांतील समसमान माणसांची एक संयुक्त समिती नेमून इमारतीचे वेळापत्रक, किल्ल्या, स्वयंपाकघर आणि साफसफाई तिच्या हाती सोपवावी. तक्रार कोणाचीही असो, ती तेथेच यावी. किल्ल्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे: दर रविवारी कोणीतरी येऊन दार उघडेपर्यंत वृद्ध माणसांना बाहेर उन्हात उभे राहावे लागत असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी त्याने भरपाई होत नाही. आणि हेही पाहावे, की ढोलांची तक्रार करणाऱ्या सभासदांपैकी किती जण दुपारच्या उपासनेला कधी बसले आहेत.

या चर्चने 2016 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बेलहर विश्वासांगीकार आपल्या संविधानात स्वीकारला. वंशभेदाच्या काळात, 1982 साली, तेथील मिश्रवंशीयांच्या चर्चने तो तयार केला आणि 1986 साली अंगीकारला. वंशावरून विश्वासणाऱ्यांना वेगळे ठेवणे हे सुवार्तेच्या विरुद्ध आहे, असे तो सांगतो. दोन्ही सेशनांनी एकत्र बसून तो वाचावा आणि मग भाडेकराराचा मसुदा हाती घ्यावा.

प्रश्न : त्या मंडळ्यांत पाळकांवर अंकुश कोणाचा असतो? आपल्याकडे त्यातले काही घेण्यासारखे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाळकाची निवड मंडळी मतदानाने करते, परंतु तो सभासद असतो प्रेस्बिटरीचा, स्थानिक मंडळीचा नव्हे. त्यामुळे रागाच्या भरात मंडळी त्याला एका सभेत काढू शकत नाही. तिला प्रेस्बिटरीकडे विनंती करावी लागते. त्याचबरोबर पाळकालाही सेशनला बाजूला सारून कारभार करता येत नाही. प्रेस्बिटरीत पाळक आणि वडील यांची संख्या शक्य तितकी समान ठेवलेली असते, पाळकाच्या वेतनाचा आढावा दरवर्षी घेतला जातो, आणि हिशेबांची वार्षिक तपासणी अशा माणसांकडून होते ज्यांचे खजिनदाराशी नाते नसते.

आपल्याकडे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा बिशपांचे पद आले. पण स्थानिक मंडळीचा कारभार पाहणारी, निवडून येणारी पास्टोरेट कमिटीही आहे, आणि तिच्यात प्रेस्बिटेरियन वारसा जिवंत आहे. घटना न बदलताही आपल्या कमिटीला काही गोष्टी उद्यापासून करता येतील. कोणीही सलग सहा वर्षांहून अधिक काळ कमिटीवर राहू नये असा संकेत पाळावा. खजिनदाराच्या नात्यागोत्यातल्या माणसाने हिशेब तपासू नयेत. सभेची कागदपत्रे आठवडाभर आधी द्यावीत. आणि ज्या वाडीतले, वस्तीतले किंवा भाषेचे लोक मंडळीत येतात पण कमिटीवर कधीच दिसत नाहीत, त्यांची यादी पुढच्या निवडणुकीपूर्वी तयार करून त्यांच्या घरी जाऊन विचारावे.